आधी जुनी जीप कुठे उभी राहणार ते ठरवा

शहादा तालुक्यातल्या एका शेतकरी घरातून प्रश्न आलाय. घरी १९९४ ची महिंद्रा एमएम ५४० आहे, वडिलांनी नवी कोरी घेतलेली. वडील आता बहात्तरीचे, गुडघ्यामुळे क्लच दाबवत नाही. नवी फोर बाय फोर घ्यायची ठरली. थोरल्याला फोर्सची गुरखा हवी, धाकट्याला मारुतीची जिम्नी. जिम्नी टेस्ट ड्राइव्हसाठी दारात आली आणि त्या दिवसापासून वडिलांनी बोलणं टाकलं. चार दिवसांत त्यांचं एकच वाक्य झालं, "कंपनी बदलायची नाही." धाकटा विचारतो, हा नुसता हट्ट आहे का? आणि जिम्नीच्या स्टिअरिंगवर बसल्यावर मलाही बेइमानी केल्यासारखं का वाटलं?

भाऊ, उत्तर आधी देतो, कारणं मग. गाडी कुठलीही घ्या, पण बुकिंगचे पैसे भरायच्या आधी जुन्या जीपचं काय करणार ते वडिलांच्या देखत ठरवा. तुमच्या घरातलं भांडण कंपनीचं नाहीच. नवी आली की जुनी भंगारात जाणार, ही धास्ती आहे. ती बाप माणसाला तोंडाने सांगता येत नाही, म्हणून ते 'महिंद्रा' म्हणतात.

मी धुळ्यात चौतीस वर्षं जीपची कामं करतोय. आधी आग्रा रोडला उस्तादाच्या हाताखाली होतो, मग देवपूरला स्वतःचं शेड टाकलं. महिंद्राच्या ५४०, कमांडर, मेजर, मारुतीची जिप्सी, फोर्सची ट्रॅक्स, लष्कराच्या लिलावातली एक जोंगासुद्धा हाताखालून गेली. त्यामुळे मी काही पंच नव्हे. माझ्या दारात स्वतःची एक मेजर उभी आहे आणि बायकोने ती विकायचा विषय २०११ मध्ये शेवटचा काढला होता.

आता ज्या कंपनीवर एवढा जीव, ती कंपनी म्हणजे नेमकं कोण, ते बघू. जीपचा पहिला नमुना १९४० मध्ये अमेरिकेत बँटम नावाच्या लहानशा कंपनीने करून दिला. लष्कराला गाड्या हव्या होत्या लाखांनी, म्हणून मोठं काम विलीज आणि फोर्डकडे गेलं. विलीजच्या सुरुवातीच्या गाड्यांना पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. पत्र्यातच ठोकून काढलेली उभ्या फटींची जाळी, जिच्यावर आज पोरं जीव टाकतात, ती फोर्डची करामत. पुढे जीप हे नाव विलीजकडून कायझर, एएमसी, क्रायस्लर असं हात बदलत आज स्टेलांटिसकडे आहे. इकडे १९४५ मध्ये जी कंपनी सुरू झाली तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये पाटीवर महिंद्रा अँड महिंद्रा आलं. त्याच सुमारास विलीजची जीप इथे जोडायला सुरुवात झाली.

तुमच्या ५४० चं बोनेट उघडा. आत प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन आहे. म्हणजे ढाचा मुळात अमेरिकन, इंजिनाची जात फ्रेंच, जोडणी महाराष्ट्रातली, आणि तुमच्या तालुक्यातल्या बहुतेक गाड्यांसारखे स्प्रिंगचे पाटे एखाद्या लोहाराने दोनदा तरी चढवलेले असणार. वडील निष्ठा नेमकी कोणाशी ठेवतायत, हे त्यांनाही सांगता यायचं नाही. आपल्याकडे तर ट्रॅक्सलाही जीपच म्हणतात. काळी-पिवळीच्या थांब्यावर 'जीप भरली का' असं विचारतात तेव्हा समोर कमांडर आहे की ट्रॅक्स, हे कोणी बघत नाही.

पण चेहऱ्याची ओढ खरी असते, आणि कंपन्यांना तिची किंमत चांगली कळते. २०१८ मध्ये महिंद्राने अमेरिकेत विकायला काढलेल्या रॉक्सर या गाडीवर जीपची तेव्हाची मालक फियाट क्रायस्लरने तिथे तक्रार केली, की ही आमच्या जीपसारखी दिसते. निकाल महिंद्राच्या विरुद्ध गेला आणि रॉक्सरचं तोंड बदलावं लागलं. महिंद्राने नवी थार आणली ती २०२० च्या २ ऑक्टोबरला, कंपनीच्या स्थापनेच्या तारखेला. त्या थारची पहिली गाडी लिलावात १ कोटी ११ लाखांना गेली. पैसे मदतकार्याला दिले, चांगलंच झालं. पण दहा-बारा लाखांच्या गाडीला कोटीची बोली लागते, तेव्हा लोक पत्रा विकत घेत नाहीत, एवढं समजून घ्यायचं.

मग काय घेतात? माझ्या पाहण्यातली एक रात्र सांगतो.

१९९९ चा श्रावण असेल. तोरणमाळहून एक कुटुंब जीपने उतरत होतं आणि सात पायरी घाटात गाडी बंद पडली. तेव्हा मोबाइल कुठले! एका ट्रकवाल्याने म्हसावदला निरोप सोडला, तिथून कोणीतरी शहाद्याला फोन केला. मी त्या दिवशी शहाद्यातच एका गिऱ्हाइकाकडे मुक्कामी होतो, म्हणून मोटारसायकलवर निघालो. पोहोचलो तेव्हा पाऊस थांबलेला, पण धुकं एवढं की जीपच्या मागचा लाल दिवा दहा हातांवर आल्यावर दिसला. मागच्या चाकांना दगड लावलेले. आत आजी, दोन बायका, झोपलेली लेकरं. बाहेर घरधनी, आणि सात-आठ वर्षांचा त्याचा मुलगा बॅटरी धरून उभा.

बिघाड साधा होता. वाटेत कॅनमधून भरलेल्या डिझेलमध्ये पाणी होतं. फिल्टर सोडून पाणी काढलं, वाटी पुसली, परत बसवली. मग हवा काढायची. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग फुटके फुटके बुडबुडे, आणि एका क्षणी डिझेलची सरळ, गुळगुळीत धार लागते. ती धार लागेपर्यंत कोणी बोलत नाही, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. पोराच्या हातातली बॅटरी हलत होती, म्हणून बापाने त्याचं मनगट धरलं. नोझलच्या पाइपांचे नट ढिले केले, बापाने सेल्फ मारला, एकेक पाइप थुंकायला लागला तसा तसा नट आवळत गेलो. तिसऱ्या पाइपला इंजिनने ठोका दिला. धूर सोडला आणि सुरू! आजी आतून म्हणाली, "मनी माय ती, तिनी पोरंसोरं उतारी दिधात." म्हणजे ती माझी आई, तिने लेकरं खाली उतरवली.

आता बघा, त्या रात्री कंपनीने काय केलं? काही नाही. ट्रकवाल्याने निरोप दिला, म्हसावदच्या माणसाने फोन केला, मी भिजत गेलो, पोराने बॅटरी धरली. श्रेय गेलं गाडीला. आणि त्यात चूकही काही नाही, कारण त्या सगळ्यांना एकत्र बांधणारी वस्तू तीच होती. त्या पोराने मोठं झाल्यावर थार घेतली. दुसऱ्या शोरूममध्ये तो पाऊलही टाकत नाही. कारण विचारलं तर बिल्ड क्वालिटी, रिसेल वगैरे सांगतो. मला माहीत आहे, ते धुक्यातलं मनगट आहे.

भाऊ, तुमची बेइमानीही अशीच कुठूनतरी आलेली असणार. बापाच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरलं असेल, काठी गावच्या होळीला जाताना मागच्या फाळक्यात पेंगला असाल. हे आठवलं म्हणून जिम्नीत बसणं गुन्हा होत नाही.

जुनी जीप लळा लावते, कारण ती बिघडते आणि तुमच्या डोळ्यांदेखत दुरुस्त होते. हे मी कौतुकाने सांगत नाही. त्याच जिवापाड जपलेल्या जीपने ऐन केळीच्या कापणीत मालकाला रावेरच्या रस्त्यावर रडवलेलं मी पाहिलंय. आता माझ्या शेडमध्ये स्कॅनर आहे. नवी गाडी आली की वायर जोडतो, पडद्यावर कोड येतो, सेन्सर बदलतो, मालक कॅबिनमध्ये चहा पीत मोबाइल बघतो. गाडी जास्त भरवशाची झाली आणि ओळख कमी झाली. रात्री अडीचला घाटातून फोन येत नाहीत, याचं मला मात्र काडीचं दुःख नाही.

एक चूक माझ्या हातून झाली, तीही सांगतो. यावल बाजूच्या एका गिऱ्हाइकाने वडिलांची कमांडर आतून-बाहेरून नवी करायला दिली. सीट, छत, रंग, सगळं. मी मन लावून केलं आणि गिअरची मूठही नवी बसवली, चकचकीत. जुनी काळी मूठ झिजून एका बाजूला सपाट झालेली, वरचे गिअरचे आकडे पार गेलेले. गाडी नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडायच्या आधी माणूस दारात. "दादा, मूठ कुठे टाकली?" भंगाराच्या दोन पिंपांतून शोधली तेव्हा ग्रीस लागलेली सापडली. त्याने ती रॉकेलने धुतली, हातात घेतली आणि तळवा बरोबर त्या सपाट जागेवर बसवून दाखवला. वडील डावखुरे नव्हते, पण अंगठा आत दाबून गिअर टाकायचे म्हणे. रंगाचं एवढं काम केलं, त्याबद्दल एक शब्द नाही. तेव्हापासून कोणाचीही जुनी गाडी आली की मी आधी विचारतो, कशाला हात लावायचा नाही?

आता या निष्ठेची दुसरी बाजू. थंडीत आपल्याकडे शेतात भरताच्या पार्ट्या होतात. एका पार्टीला महिंद्रावाले, जिप्सीवाले, ट्रॅक्सवाले असे तीन तट पडले. अवकाळी पाऊस होऊन गेलेला आणि काळी जमीन. पैज लागली. तिन्ही गाड्या पन्नास पावलांच्या आत रुतल्या. जिप्सी हलकी म्हणून थोडी पुढे जाऊन रुतली, एवढाच फरक. शेवटी ट्रॅक्टरने तिन्ही ओढल्या. तर महिंद्रावाले म्हणतात काय, "ट्रॅक्टर आमच्या कंपनीचा होता, म्हणजे जिंकलो आम्हीच!" हे हसण्यावारी जातं तोवर ठीक.

हसण्यावारी न जाणारंही पाहिलंय. एकाने आवडत्या कंपनीची नवी गाडी घेतली. पहिल्याच पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाशी पाणी साचायला लागलं. परक्या कंपनीची असती तर हा माणूस ग्राहक मंचात गेला असता. पण 'आपली' गाडी! चारचौघांत नाव कसं ठेवायचं? गोणपाट अंथरून दोन पावसाळे काढले. वॉरंटी संपल्यावर माझ्याकडे आला, तोवर कार्पेटखालचा पत्रा कुजलेला आणि वायरिंगच्या जोडाला हिरवा गंज चढलेला. कंपनीला वाईट वाटेल म्हणून तक्रार करायची नाही, इतकी माया करू नये. कंपनीला तुमच्या घरातला बॅटरी धरणारा पोरगा माहीत नसतो.

सारंगखेडा तुमच्यापासून लांब नाही. दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तिथे जुने जाणते कसे घेतात ते बघितलं असेल. जात विचारतात, कौतुक करतात, पण पैसे मोजायच्या आधी दात बघतात, भोवरे बघतात, चाल बघतात. मारवाडी घोडा म्हटलं की डोळे मिटून दोर हातात घेतला, असं कोणी करत नाही. गाडीचंही तसंच करा.

तुमची जमीन कुठली, ते पत्रात आलेलं नाही. पण शहादा म्हणजे तापीकाठची काळी किंवा सातपुड्याच्या पायथ्याचा मुरूम-गोटा, या दोन्हींतलंच काहीतरी. काळ्या मातीत वजन आणि टायर बघायचं. ओली काळी टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो, मग फोर बाय फोर असो नाहीतर सिक्स बाय सिक्स. तिथे हलकी गाडी आणि उघड्या खाचांचा, फार रुंद नसलेला टायर जास्त पुढे नेतो. रुंद टायर दिसायला रुबाबदार, पण चिखल पुढे लोटत बसतो. या कामाला जिम्नी वाईट नाही. साधारण १२०० किलोची, खाली शिडीसारखी मजबूत लॅडर फ्रेम आणि हळू पण जोरात ओढणाऱ्या लो रेंजचा लिव्हर असलेली. मात्र ती पेट्रोलवर चालते आणि मागे सामानाला जागा बेताची. खताच्या चार गोण्या, फवारणीचा पंप आणि दोन माणसं रोज न्यायची असतील, तर आधीच मोजून बघा.

डोंगराकडे, धडगाव-मोलगी बाजूला जाणं-येणं असेल तर थोरल्याचं म्हणणं ऐका. गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक येतो. एक चाक हवेत लटकलं की साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरमध्ये, सगळी ताकद त्याच रिकाम्या चाकाला जाते आणि गाडी जागेवर गरगरते. लॉक लावला की जमिनीवरचं चाक ओढतं. नाल्याला पाणी असेल तर ७०० मिलिमीटरपर्यंत जाते, असं कंपनी सांगते. थारचा तो आकडा ६५०. पण नाल्याच्या तळाला काय आहे ते माहीत नसताना आकड्यांवर भरवसा ठेवून उतरू नका. कोणत्याही गाडीचं इंजिन पाणी प्यायलं की माझं बिल सारखंच येतं.

आणि घर महिंद्राचंच म्हणून थारकडे जायचं असेल, तरी जा. नाशिकला बनते, २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिला चार स्टार मिळाले, आणि सुटे भाग मिळायला त्रास नाही. माझं म्हणणं एवढंच, की वडिलांची समजूत काढायला म्हणून ती घेऊ नका. तीन दाराच्या थारमध्ये मागे चढायला पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं. बहात्तरीच्या गुडघ्यांना ते एकदा करायला लावा, वडील स्वतःच कंपनी बदलतील. वडिलांना शोरूममध्ये नेऊन प्रत्येक गाडीत चढवा आणि उतरवा. उतरताना कोणत्या गाडीचं दार घट्ट धरतात, तेवढं बघा.

आता जुनीकडे वळतो. ती ठेवायची म्हणजे नुसती गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली लावायची नव्हे. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. टाकीत पाणी धरतं, व्हील सिलिंडर चिकटतात, उंदीर वायरिंग खातात. पंधरा दिवसांतून एकदा पाच-सहा किलोमीटर चालवा, फोर व्हील टाकून शेतातल्या मऊ रस्त्यावर थोडी फिरवा. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकू नका, पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसचं वाटोळं होतं. आरसी बुक आत्ताच काढून तारीख बघा. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं, आणि तारीख उलटून गेलेल्या जीपसाठी कागदांची शोधाशोध करणं बापाच्या डोळ्यांदेखत फार वाईट दिसतं. इंजिनच्या खर्चाला घाबरू नका, प्यूजोचं काम करणारे हात अजून आपल्याकडे आहेत. घाबरायचं चेसिसच्या गंजाला. मागच्या पाट्याच्या शॅकलपाशी, म्हणजे पाटा चेसिसला टांगलेला असतो तिथे, जिथे चिखल अडकून राहतो, तिथे स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. ठण्ण वाजलं तर ठीक, रुतलं तर आधी ते काम.

वडिलांशी बोलायला असं करा. संध्याकाळी जेवणं झाल्यावर कंपनीचा विषय काढूच नका. म्हणा, "आबा, जीपसाठी शेड कुठे घालायचं? विहिरीकडे की वाड्याच्या मागे?" चार दिवस न बोललेला माणूस यावर तरी बोलेलच, कारण विहिरीकडे ओल असते हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. जागा ठरली, पत्रे किती लागतील ते मोजून झालं, की मग म्हणा, रोजच्याला एक हलकी गाडी बघतोय, तुम्हाला चढायला सोपी पडेल अशी.

पावसाळ्याच्या आधी ५४० एकदा धुळ्याला घेऊन या. चेसिस, ब्रेक आणि डिझेलची टाकी मी बघून देतो. येताना वडिलांना बरोबर आणा, चालवायला नाही, शेजारच्या सीटवर. आणि घरून निघायच्या आधी त्यांना विचारून ठेवा, कशाला हात लावायचा नाही.